बाहुलीचा हौद

(मार्केट यार्ड, पुणे येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



आपण आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जमलो आहोत. येथून दक्षिणेस कात्रज आणि उत्तरेस जुने पुणे. या दोहोंना जोडणारा एक दगडी नळ 18 व्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, जमिनीखालून बांधण्यात आला. कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येई. त्यास मोट लागत नसे की रहाट. नळ इतका प्रशस्त की, आत माणूस उतरून तो साफ करू शके. ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि वाहून आलेला गाळ तळाशी बसे. पुढे हे पाणी पेठापेठांतील दगडी हौदांत पडे. हे हौद म्हणजे शहराचे पाणवठे आणि, खरे सांगावयाचे तर, निम्म्या गावगप्पांचे उगमस्थानही!

परंतु स्थापत्याने जे साधले, ते समाजाने अडविले. डोंगरापासून पेठेपर्यंत पाणी कोणाची जात न विचारता येई. ती विचारली जाई हौदाच्या काठावर. 1868 साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यचिकित्सक. मुलींनी शिकावे असा त्यांचा आग्रह. त्यांची कन्या काशीबाई 1877 साली बालवयातच वारली. तिला शिकविल्याच्या रोषाने कोणी काचा घातलेला लाडू खावयास दिला, असे सांगितले जाते. पित्याने तिच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला. त्यावरील बाहुलीमुळे लोक त्यास बाहुलीचा हौद म्हणू लागले. दुःखाला असे सार्वजनिक रूप देणे किती जणांना सुचते?

येथे बसलेल्या पंचायत सदस्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारोंसह तेथे जावे लागले.

शाळेच्या सहली शनिवारवाड्यावर येतात, हजारी कारंजे पाहतात. शिक्षकांनी मुलांना घेऊन तेथून फरासखान्याकडेही वळावे; अंतर थोडेच आहे.