लहान खोली, जुने स्पीकर आणि सात-साठचा फरक



आज कर्जाचा किंवा शेळीपालनाचा विषय नाही. पण ती सगळी माहिती आपल्या कानांपर्यंत नीट पोहोचावी, यासाठी लागणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलणार आहोत. दहा-पंधरा जणींनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा आहे, खोली लहान आहे आणि पैसे बेताचे आहेत. अशा वेळी जुन्या बाजारातून स्पीकरची चांगली जोडी कशी निवडायची, हा आजचा विषय.

आमचे दोन गट मिळून २६ जणी आहेत. बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची, खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रा. गुरुवारी बैठक संपली की ज्यांना जमेल त्या पंधरा-सोळा जणी कार्यक्रम ऐकायला थांबतात. पूर्वी आम्ही मोबाइलवर ऐकत होतो. पुढच्या चौघींना ऐकू यायचं आणि मागे नुसती कुजबुज पोहोचायची. आवाज वाढवला की शब्द फाटायचे. एकदा जनावरांच्या औषधाची माहिती चालू होती. काही जणींनी सात मिलिलिटर ऐकलं, काहींनी साठ. त्यावर वाद झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घेतलं. वाद झाला नसता, तर कुणाच्या तरी म्हशीवर बेतलं असतं.

तेव्हाच ठरलं, की ऐकण्याची सोय नीट करायची. कर्जासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हेही ठरलं. प्रत्येकीने वेगळे दोनशे रुपये काढले. ५,२०० रुपये जमले. तेवढ्यात बसवायचं होतं.

आता पहिला प्रश्न, जुनेच स्पीकर का? त्या पैशात नवीन मिळतात, पण बहुतेक प्लास्टिकच्या पातळ डब्यातले आणि बिघडले की टाकून द्यायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी स्टिरिओ आले, तेव्हाच्या चांगल्या स्पीकरची पेटी लाकडाची किंवा जाड बोर्डाची असे. आतले भाग स्क्रूने बसवलेले असत, म्हणजे उघडून दुरुस्त करता येतात. फिलिप्स, कोलकात्याची सोनोडाइन, कॉस्मिक ही नावं तुमच्या घरातल्या थोरल्यांना आठवत असतील. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर तालुक्याच्या गावातलं जुन्या सामानाचं दुकान, अशा ठिकाणी असे स्पीकर निघतात. मात्र जुनं म्हणजे आपोआप चांगलं नव्हे. इतक्या वर्षांत उंदीर, ओल आणि ऊन यांनी आपलं काम केलेलं असतं. म्हणून पारखून घ्यायचं.

दुसरा प्रश्न आकाराचा. दुकानदार आधी मोठीच पेटी पुढे करतो. लहान खोलीत मोठी पेटी घेऊ नका. दहा-बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण पन्नास हर्ट्झच्या आसपासचे खर्जाचे सूर अडकतात आणि घुमतात. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोललं की कसं होतं, तसंच. मोठा स्पीकर नेमके तेच सूर जोरात काढतो आणि बोलणं त्या घुमण्याखाली दबतं. मराठीत अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. सात आणि साठ, दहा आणि सहा, यांतला फरक एका अक्षराचा. हे बारीक आवाज वरच्या पट्टीत, साधारण २००० हर्ट्झच्या पुढे असतात. ते स्वच्छ आले तर हळू आवाजातही शब्द कळतो.

म्हणून लहान खोलीला बुकशेल्फ स्पीकर पुरतात. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी पेटी, म्हणून हे नाव. त्यात एक पाच ते साडेसहा इंची मोठा स्पीकर असतो, त्याला वूफर म्हणतात. वर एक छोटा असतो, तो ट्वीटर. पेटी एवढी लहान करता आली, यामागे १९५४ सालचं एक काम आहे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पूर्ण बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली. त्याआधी खर्जाचे सूर हवे असतील तर कपाटाएवढी पेटी लागे.

आणि रेडिओवाल्यांची गोष्ट तर आपल्याला जवळची आहे. इंग्लंडच्या बीबीसीला सत्तरच्या दशकात बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाड्यांसाठी स्पीकर हवा होता. गाडीतली जागा अगदी चिंचोळी आणि त्यात बसून निवेदकाचा आवाज तपासायचा. त्यांच्या अभियंत्यांनी जेमतेम एक फूट उंचीची बंद पेटी केली, तिचं नाव एलएस ३/५ए. आत पाच इंची वूफर. तिच्यात माणसाचा आवाज इतका खरा येतो, की आजही लोक ती जुनी जोडी शोधत फिरतात. तिची आजची किंमत आपल्या आवाक्यातली नाही, पण तिच्यामागचा विचार फुकट घेता येतो. लहान जागा आणि बोललेला शब्द, हे दोन्ही मनात धरून निवड करायची.

आता प्रत्यक्ष खरेदी. आमच्यातल्या तिघी गेल्या. सोबत घड्याळाचा एक सेल, वायरचे दोन तुकडे, टॉर्च आणि मोबाइल. मोबाइलमध्ये आमच्याच एका ताईच्या आवाजात वीस शब्द भरून नेले होते: सात, साठ, दहा, सहा, वीस, तीस, ताट, ताठ, खत, कट, असे उलटसुलट क्रमाने. तुम्हीही पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

पहिली पायरी, पेटी. मागून आणि खालून टॉर्च मारून बघा. बोर्ड फुगलेला असेल, कोपरे सुटलेले असतील, वाळवीची माती दिसली किंवा उंदराचा वास आला, तर पुढे जाऊ नका. दोन्ही पेट्या एकाच मॉडेलच्या हव्यात. दोन वेगवेगळ्या पेट्यांची जुळवलेली जोडी घेऊ नका.

दुसरी पायरी, समोरची जाळी काढायला सांगा. वूफरच्या कागदी कोनाभोवती एक मऊ कडा असते. ती फोमची असेल, तर आपल्या दमट हवेत वर्षांनी तिचा भुगा होतो. बोट लावलं की पडते. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कडा जास्त टिकते. फोम गेला म्हणून स्पीकर गेला, असं नाही. कडा नवीन बसवून मिळते. पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

तिसरी पायरी, दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी ठेवून अगदी हळू आत दाबा आणि सोडा. कोन मऊपणे आत-बाहेर झाला पाहिजे. खरखर लागली, तर आतली कॉइल घासते आहे. ती जोडी सोडून द्या. ट्वीटरच्या मधल्या टोपीला मात्र बोट लावायचं नाही, ती नाजूक असते.

चौथी पायरी, सेल. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या लाल टोकाला आणि उणे बाजू काळ्या टोकाला क्षणभर टेकवा. टक असा आवाज येतो आणि कोन हलतो. दोन्ही पेट्यांचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर एकाची जोडणी उलटी आहे. घरीही वायर उलटी जोडली गेली, तर खर्ज नाहीसा होतो आणि बोलणारी बाई खोलीत नेमकी कुठे आहे तेच कळेनासं होतं. वायर अदलाबदल केली की झालं, त्याला पैसे लागत नाहीत. दुकानात मीटर असेल तर तोही लावून घ्या. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर आत कुठेतरी जोडणी किंवा कॉइल तुटलेली आहे.

पाचवी पायरी, ऐकणं. आमच्यासमोर दोन जोड्या होत्या. एक बारा इंची वूफरवाली, कमरेएवढी, ३,५०० रुपयांना. दुसरी साडेसहा इंची, फोमचा भुगा झालेली. दुकानदार म्हणाले, "वहिनी, मोठी न्या, गल्लीला ऐकू जाईल." आम्ही म्हटलं, "दादा, आम्हाला खोलीतच ऐकायचं आहे." त्यांनी मोठ्यावर गाणं लावलं, दुकान हादरलं. मग आम्ही आमचे वीस शब्द लावायला सांगितले. आमच्यातल्या मावशी, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि ऐकलेला शब्द मोठ्याने म्हणू लागल्या. मोठ्या जोडीवर वीसपैकी बारा शब्द बरोबर आले. छोट्या जोडीवर, फोम गेलेला असतानाही, सतरा. तिथेच निवड झाली.

पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पीएमपीओ वॉटच्या आकड्यांना भुलू नका. तो आकडा जाहिरातीचा असतो. बघायचं असेल तर आरएमएस वॉट बघा. त्याहून उपयोगी आकडा डेसिबलचा, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो. तीन डेसिबल कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट द्यावे लागतात. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी १५ वॉटचा जुना ॲम्प्लिफायर पडून होता. अशा छोट्या ॲम्प्लिफायरला ८८ च्या आसपासचा, आठ ओहमचा स्पीकर मानवतो.

हिशेब सांगतो. जोडी २,८०० रुपये. दोन्ही फोम कडा बसवायचे १,००० रुपये. आतले जुने कपॅसिटर वर्षांनी कमजोर होतात आणि वरचे बारीक आवाज मंदावतात. ते त्याच मापाचे नवीन घालून, शिवाय वायर, मिळून ३५० रुपये. एकूण ४,१५० रुपये. उरलेले १,०५० रुपये दुरुस्तीसाठी वहीत वेगळे लिहून ठेवले आहेत.

आता मांडणी, कारण चांगला स्पीकरही वाईट जागी ठेवला तर वाया जातो. फळीवर ठेवायचा म्हणून लोक तो छताजवळ चढवतात. ट्वीटरचा आवाज सरळ रेषेत जातो. तो ऐकणारीच्या कानाच्या उंचीवर हवा. आणि आपण बसतो सतरंजीवर. म्हणजे ट्वीटर जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास हवा. आम्ही दोन लाकडी स्टुलांवर पेट्या ठेवल्या. कोपऱ्यात ठेवायच्या नाहीत, तिथे खर्ज फुगतो. भिंतीपासून निदान एक फूट पुढे, दोन्हींत पाच-सहा फूट अंतर आणि तोंडं थोडी आत वळवलेली. फरशी आणि पत्रा आवाज परत फेकतात, म्हणून खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर दोरीला दोन गोधड्या टांगतो. एवढ्यानेच घुमणं बरंच कमी होतं. पावसाळ्यात पेट्या फरशीवर ठेवू नका. वापर झाला की सुती कापडाने झाका. पेटीला मागे भोक असेल तर आतल्या बाजूने जाळी लावा, नाहीतर पाली आणि झुरळं घर करतात.

या खरेदीआधी घरोघरी एकच वाक्य ऐकू आलं, की मशीनचं बायकांना काय कळतं. मैत्रिणींनो, यातलं काय अवघड होतं? टॉर्च मारणं, बोटाने दाबून बघणं, सेल टेकवणं आणि कान देऊन ऐकणं. बाजारात वांगं घेताना आपण याहून जास्त पारख करतो. दुरुस्ती करणाऱ्या भाऊंनी पेटी उघडली तेव्हा आमच्या दोघी शेजारी बसून बघत होत्या. पुढच्या वेळी फोम कडा चिकटवायचं काम त्या स्वतः करणार आहेत.

आता गुरुवारी मावशी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसतात. आकडा आला की त्याच मोठ्याने परत म्हणतात आणि बाकीच्या वहीत लिहितात. तुमच्या गटातही आधी एवढं करून बघा. वीस शब्द मोबाइलमध्ये भरा, तुम्ही ज्यावर रेडिओ ऐकता त्यावर लावा आणि सर्वांत मागे बसणारीला विचारा, किती कळले. पंधराच्या खाली आले, तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.