रिझर्व्हवर किती दिवस?

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मला कायद्यावर बोलायला बोलावले आहे, पण सुरुवात मी पेट्रोलपासून करणार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आपल्याला पाठ आहे. पण आपण बाईपर्यंत पोचलोच नाही, तर तो फाईलमध्येच राहतो.

काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत रात्री एकीचा निरोप आला. नवऱ्याने मारून घराबाहेर काढले होते. साकोलीहून मी लाखांदूरच्या बाजूला एकटीच निघाले. अर्ध्या वाटेत गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. रिझर्व्ह लावायला हात खाली नेला, तर कॉक आधीच रिझर्व्हवर! मागच्या खेपेला पेट्रोल भरल्यावर तो परत ‘ऑन’वर करायचा मी विसरले होते. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या, वरून पाऊस, आणि मी गाडी ढकलते आहे. पोचले तेव्हा उजाडले होते. लेकराला पदराखाली घेऊन ती रात्रभर एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसली होती. “ताई, तुमी येत नाई असंच वाटलं,” एवढेच ती बोलली. दोष रस्त्याचा नव्हता, गाडीचाही नव्हता. माझा होता.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे कोणी शिकवले नव्हते, म्हणून आज सांगते. रिझर्व्हची टाकी वेगळी नसते. टाकी एकच, कॉकला आत दोन तोंडे असतात, एक उंच नळीचे, एक तळाशी. ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच तोंडातून येते. पातळी त्याखाली गेली की गाडी आचके देते. हाच इशारा. कॉक फिरवला की तळचे पेट्रोल मिळते. पण कॉक कायम रिझर्व्हवरच ठेवला, तर इशारा मिळतच नाही.

म्हणून पेट्रोल भरले की कॉक ‘ऑन’वर. टाकी फुल्ल केली की मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी फुल्ल करताना ३०० किलोमीटरला ६ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज ५० चे. गाडी रिझर्व्हला लागली तोही आकडा लिहा. हिशेबाने लिटरला ५० येत असले, तरी खराब रस्ता आणि मागे बसलेली बाई धरून ३० च मोजा. रिझर्व्ह पंपापर्यंत जायला असते, कामावर जायला नाही. २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कॉक नसतो. काटा किंवा दिवा पाहावा लागतो. त्यांची टाकी कोरडी होऊ देऊ नका. आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

आता खरी गोष्ट. आपल्यातल्या कितीजणी पन्नास-पन्नास रुपयांचे पेट्रोल भरतात? पन्नास रुपयांत आज अर्धा लिटरही येत नाही. गाडी नवऱ्याच्या नावावर, पेट्रोलचे पैसे मागून घ्यायचे, आणि संस्थेकडून प्रवासखर्च मिळतो तो महिनाअखेरीस, पावती दाखवल्यावर. मग गाडी रोजच रिझर्व्हवर. ही आपली हलगर्जी नाही. बाईच्या फिरण्याला कोणी खर्च धरत नाही, म्हणून ही वेळ येते.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या. तिथे अक्षराइतकेच सायकलीलाही महत्त्व दिले गेले. आपणही आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात पेट्रोलचे पैसे आगाऊ मागू या, आणि रात्रीच्या निरोपासाठी एक गाडी कायम भरलेली ठेवू या.

कायद्याचे जेवणानंतर बोलू. आधी बाहेर चला. आपापल्या गाडीचा कॉक कुठे आहे, ते प्रत्येकीने दाखवायचे आहे.