तुलनेतील ‘फार’

दिल्लीच्या पहाडगंज भागात, जेथे नूतन मराठी शाळा आहे, तेथून जुन्या दिल्लीच्या स्थानकापेक्षा नवी दिल्ली स्थानक फार जवळ आहे, हे वाक्य इंग्रजीत मांडताना मराठी विद्यार्थी, आपले ‘फार’ मूळ विशेषणास व तुलनेस सारखेच चालत असल्यामुळे, बहुधा ‘व्हेरी निअरर’ लिहितो. वस्तुतः ‘व्हेरी’चा अंमल ‘निअर’ या मूळ रूपापुरताच. तुलनात्मक रूपापूर्वी अंतर पुष्कळ असल्यास ‘मच’ किंवा ‘अ लॉट’, किंचित असल्यास ‘अ लिटल’ किंवा ‘स्लाइटली’ योजावे. ‘मोअर’ स्वतःच तुलनादर्शक असल्याने ‘मोअर निअरर’ त्याज्य. परंतु ‘मच मोअर कम्फर्टेबल’ सर्वथा शुद्ध होय.