औंधचा डोंगर आणि भूमध्य सागराचा किनारा



साताऱ्याच्या वा सांगलीच्या एखाद्या घरात इटली-ग्रीसच्या सहलीचा बेत ठरला, की पहिली चर्चा पासपोर्टची, दुसरी चिवडा-लाडवांच्या डब्यांची आणि तिसरी खरेदीची होते. त्यात गैर काही नाही. एकेकाळी समुद्र ओलांडून परतणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज निवृत्त शिक्षक दांपत्यही व्हेनिसच्या कालव्यांतून फिरून येते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरून परतताना माणूस काय घेऊन येतो? आठ दिवसांत पाच शहरे आणि प्रत्येक देवळापुढे एक छायाचित्र, याला यादीवर खूण करणे म्हणतात, पाहणे नव्हे.

पाहावे कसे, याचा वस्तुपाठ शोधण्यास दूर जावे लागत नाही. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेले औंध हे एक छोटे संस्थान होते. त्याचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा तेथील वृत्तपत्रानेही त्यांच्या सूर्यनमस्कारांची दखल घेतली. पण बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि कलेचे डोळस रसिक होते, हे तितकेसे आठवले जात नाही.

त्यांच्या रसिकतेचा पाया प्रथम घरी घातला गेला होता. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी, म्हणून १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपयांच्या साहाय्याचे अभिवचन दिले. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकारच; त्यांचे स्वाध्याय मंडळ औंधासच दीर्घकाळ नांदले. सर्व दिशांनी कल्याणकारी विचार आमच्याकडे येवोत, ही ऋग्वेदातील प्रार्थना त्या गावात केवळ म्हटली जात नव्हती, जगली जात होती.

स्वतःच्या परंपरेत पाय रोवलेला हा माणूस पाश्चात्त्य कलेसमोर दिपून गेला नाही आणि तिच्याकडे पाठ फिरवूनही बसला नाही. यमाईदेवीच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय याची साक्ष देते. तेथे राजा रविवर्मा आणि धुरंधर आहेत, बंगाली शैलीची चित्रे आहेत आणि युरोपीय महाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत. प्रख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे ‘माता आणि मूल’ हे पाषाणशिल्पही तेथेच आहे. तरुणपणी, १९२५ मध्ये, मूर शिष्यवृत्तीवर इटलीत गेला आणि जुन्या भित्तिचित्रांनी भारावून परतला. त्या कलावंताची आई आज यमाईच्या कुशीत विसावली आहे. देवीदर्शनास डोंगर चढणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेवर, दोघींमध्ये काही पावलांचेच अंतर आहे.

महत्त्वाची गोष्ट हीच. अनेक संस्थानिकांनी युरोपातून झुंबरे आणली, आरसे आणले. ती दरबारात टांगली गेली. औंधच्या राजाने कलाकृती देवीच्या वाटेवर ठेवल्या. जे उत्तम पाहिले, ते आपल्या रयतेनेही पाहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. ज्याने १९३९ मध्ये आपल्या संस्थानात रयतेला स्वराज्याची घटना दिली, त्याच्याच हातून असे संग्रहालय उभे राहावे, हे स्वाभाविक होते.

अशा भूमीत कलेचे बीज अनेक रूपांनी उगवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते; रंग ओळखण्यातील दोषामुळे कुंचला सुटला. ते यंत्ररेखनाकडे वळले आणि १९१० मध्ये याच संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणदेशातील माडगूळ गावचे गजानन दिगंबर माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. १९५५ मध्ये त्यांचे ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचले. चित्ररामायण आणि गीतरामायण, दोन्ही एकाच छोट्या संस्थानच्या मातीतील माणसांनी दिली, हे सातारा-सांगलीच्या किती मुलांना ठाऊक असेल?

आता भूमध्य सागराकडे वळू. इटलीच्या किनाऱ्यावर नेपल्सजवळ पॉम्पेई आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते नगर गाडले गेले. ज्या १९३८ साली औंधचे संग्रहालय उभे राहिले, त्याच साली पॉम्पेईच्या एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर विपुल अलंकार, दोन्ही बाजूंस दासी. घडण निःसंशय भारतीय. आरंभी तिला लक्ष्मी मानले गेले. आता अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रातच, तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. उलट दिशेनेही हेच घडले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सापडली. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडचे नाव तर दूर मध्य भारतात भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत कोरलेले आहे.

अर्थात, भूमध्य सागर या भूमीस परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन कारागिरी आणि दैवते या दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करीत होती. हे ज्याला माहीत आहे, तो प्रवासी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्या चिमुकल्या मूर्तीपुढे थबकेल. ज्याला माहीत नाही, तो खरेदीच्या घाईत पुढे निघून जाईल. तिकीट दोघांचेही सारखेच. प्रवास मात्र एकाचाच घडला.

तेथील आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. पडक्या देवळाचा एकेक खांब ते लोक जपतात, त्याचे वय आणि त्याची कथा मुलांना सांगतात. इकडे गडकोटांच्या चिऱ्यांवर हौशी मंडळी आपली नावे कोरतात, जुन्या वाड्यांतील चित्रे पावसात भिजून जातात आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात देवळांचे कोरीव दगड तैलरंगाखाली झाकले जातात. परंपरेचा अभिमान केवळ घोषणेत राहिला, तर तो चिऱ्यांचे रक्षण करू शकत नाही. त्यासाठी डोळा लागतो, आणि तो सवयीने घडतो.

म्हणून परदेशी निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढेच करावे. विमानात बसण्यापूर्वी एक दिवस औंधला जावे, मुलांना बरोबर न्यावे, एकेका चित्रापुढे शांतपणे उभे राहावे. प्रवासात एक वही ठेवावी आणि रोज एकाच कलाकृतीविषयी चार ओळी लिहाव्यात. परतल्यावर जवळच्या शाळेत जाऊन जे पाहिले ते मुलांना सांगावे. बाळासाहेबांपाशी संस्थान होते, त्यांनी संग्रहालय उभारले. ज्याच्यापाशी केवळ एक वही आहे, त्यानेही ती देवीच्या वाटेवर ठेवावी.