न पिकणाऱ्या मालाचा भाव



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा तिच्या व्यासपीठावर विद्वानांनी यावे अशी अपेक्षा होती. आपण आज मला येथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. वडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात आणि आम्ही पोरे त्यांच्यामागून फडात जात असू, त्यामुळे शाळा सहा महिने गावी आणि सहा महिने कुठेच नाही. पुढे सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला लागलो, तेथून युनियनमध्ये आलो आणि वाचायला शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या पेटीतील पुस्तकांवर. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते अर्थशास्त्र्याचे भाषण समजू नका. हमालांच्या हिशेबाच्या वह्या तपासता तपासता ज्याला थोडेफार कळले, अशा माणसाचे हे बोलणे आहे.

विषय आहे क्रिप्टो चलनाचा, म्हणजे बिटकॉइन व त्याच्या भावंडांचा, आणि त्यांच्या भावाच्या चढउताराकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या मुलांचा. हा विषय मी का निवडला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

२०२१ च्या दिवाळीत आमच्या एका सभासदाचा मुलगा मला भेटावयास आला. वडिलांनी तीस वर्षे बाजार समितीत पोती वाहिली होती. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि निधीचे पैसे हाती आले होते. मुलगा पदवीधर. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला, त्यावरची वर चढत गेलेली रेघ दाखविली आणि विचारले, "काका, यात दोन लाख घालावे म्हणतो. तुम्हांला काय वाटते?" मला त्यातले काहीही कळत नव्हते. पण 'मला कळत नाही' असे म्हणण्याची लाज वाटली. मी म्हणालो, "तुम्ही शिकलेली मुले. तुम्हांलाच जास्त कळते." मालकाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका, असे मी कामगारांना तीस वर्षे सांगत आलो, आणि त्या दिवशी त्या मुलाला मीच कोऱ्या कागदावर सही करू दिली. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

प्रथम हे लक्षात घ्या की, भावाचे वेड आपल्याला नवे नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसावर मिळालेला पैसा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत गेला. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोचला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे शेअरबाजाराचे राजे. जमीन अजून पाण्याखाली होती, पण तिचा भाव मात्र आकाशात होता. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले, कापूस उतरला आणि सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, तो आजही उभा आहे. ते शेअर मात्र रद्दीत गेले.

दुसरी गोष्ट अधिक जवळची, कारण ती कामगारांची आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद भाव तारेने येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये ते भाव येण्याचे थांबले. आता माल नाही, तारही नाही, तर सट्टा थांबावा की नाही? थांबला नाही. १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगताने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने मटका सुरू केला. कापसाच्या भावाऐवजी पत्ते ओढून आकडा काढावयाचा, एवढाच फरक. गिरणी कामगार पगाराच्या दिवशी त्यावर पैसे लावू लागला. या प्रवासाकडे नीट पाहा. आधी माणूस कापसावर पैसे लावीत होता, मग कापसाच्या भावावर, आणि शेवटी नुसत्या आकड्यावर. माल मधल्यामधे गळून पडला आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

आता बिटकॉइनकडे येऊ. त्याच्यावर अन्याय करावयाचा नाही. बिटकॉइन म्हणजे मटका नव्हे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला. हा माणूस कोण हे आजवर जगाला ठाऊक नाही. कल्पना अशी की, पैशाच्या देवघेवीची खातेवही एका बँकेच्या हाती असू नये. तिच्या हजारो प्रती हजारो संगणकांवर असाव्यात आणि सर्वांनी मिळून ती तपासावी. नव्या नोंदींचे एक पान सुमारे दहा मिनिटांनी वहीला जोडले जाते, आणि ते जोडणाऱ्यास नवी नाणी मिळतात. ही नाणी एकूण दोन कोटी दहा लाखांहून अधिक कधीच निघावयाची नाहीत. सावकाराच्या वहीत कोणता आकडा कसा बदलला जातो हे आपल्या आजोबांनी पाहिले होते. तेव्हा 'वही सर्वांची असावी' ही कल्पना मला तरी हसण्यासारखी वाटत नाही.

पण आपली मुले ती वही वाचीत नाहीत. ती वाचतात भाव. आणि तो भाव कसा हलतो? २०१७ च्या आरंभी एक बिटकॉइन हजार डॉलरच्या आसपास होते. डिसेंबरात ते वीस हजारांच्या जवळ गेले. पुढल्या डिसेंबरात सव्वातीन हजारांवर उतरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार, नोव्हेंबर २०२२ मध्ये सोळा हजारांच्या आसपास, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाख डॉलरच्या वर.

२०२१ ते २०२२ ची घसरण आपण आपल्या मापाने मोजू. एका नाण्यामागे सुमारे ५३ हजार डॉलर, म्हणजे ढोबळमानाने चाळीस लाख रुपये. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. नवराबायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर चाळीस लाख रुपये मिळविण्यास त्यांना सुमारे चाळीस हंगाम लागतील. एका जोडप्याचे सारे आयुष्य, आणि तेवढी रक्कम एका वर्षात एका नाण्यावर वर-खाली होते!

असे का होते? तुरीचा भाव पडला तरी तूर खाता येते. घराचा भाव पडला तरी त्यात राहता येते. कारखान्याच्या शेअरमागे यंत्रे असतात, कामगार असतात, वर्षाचा नफातोटा असतो. बिटकॉइनमागे पीक नाही, भाडे नाही, व्याज नाही. नाणी मोजकी आहेत हे खरे. पण मोजकेपणाने भाव टिकतो तो घेणारा असेल तोपर्यंतच. उद्याचा गिऱ्हाईक आजच्यापेक्षा अधिक देईल, या विश्वासावर हा भाव उभा असतो आणि विश्वासाला ओलिताची सोय नसते. शिवाय हा बाजार चोवीस तास चालतो, त्याला रविवार नाही, पोळा नाही. मुलगा रात्री दोनला उठून उशाखालचा मोबाईल पाहतो आणि सकाळी कामावर पेंगतो.

आणि बिटकॉइन हे त्यातल्या त्यात बरे. एकेक नाणे लाखांचे, म्हणून गरिबाचा मुलगा स्वस्त नाणे शोधतो. दोन-चार रुपयांत अख्खे नाणे मिळते, याचा त्याला आनंद होतो. त्यांतले डोजकॉइन २०१३ मध्ये निव्वळ थट्टा म्हणून काढले होते. लुना नावाचे नाणे मे २०२२ मध्ये ८० डॉलरवरून आठवड्याभरात मातीमोल झाले.

यात कोण मिळवितो आणि कोण गमावतो? जगातल्या मध्यवर्ती बँकांची जी बँक स्वित्झर्लंडात बाझेल येथे आहे, तिच्या अभ्यासकांनी २०१५ ते २०२२ या काळातला ९५ देशांचा हिशेब तपासला. त्यांचा अंदाज असा की, बिटकॉइन घेणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांपैकी तीन चतुर्थांश लोक तोट्यात गेले असावेत. भाव चढला की छोटे लोक आत येतात. आणि घसरण सुरू झाली की मोठे विकतात आणि छोटे 'स्वस्त मिळाले' म्हणून घेत राहतात. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारातल्या वायदे व्यवहारांचा असाच हिशेब मांडला. तीन वर्षांत व्यक्तिशः व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, आणि एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. बाजार वेगळा, पण माणूस तोच.

उधारीवर खेळणे हा तर त्याहून वाईट प्रकार. बीड जिल्ह्याला उचल समजावून सांगावी लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत मान त्याच्या हाती. येथली उचल अशी की, दहा हजार आपले आणि नव्वद हजार दुसऱ्याचे घेऊन लाखाचा सौदा करावयाचा. भाव दहा टक्के वर गेला तर पैसे दुप्पट. दहा टक्के खाली आला तर आपले दहा हजार संपले, आणि सौदा न विचारता तोडला जातो. पुढे भाव परत चढला तरी उपयोग नाही. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनवर नव्या जकातीची घोषणा केली आणि चोवीस तासांत जगभर सुमारे १,९०० कोटी डॉलरचे असे सौदे तुटले. मुकादम निदान पुढल्या हंगामापर्यंत थांबतो.

कायद्याचेही थोडे सांगतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. म्हणजे व्यवहार करणे गुन्हा नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका नाण्यात दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार गेले, तर हाती शून्य. कर मात्र तीन हजार आणि वर उपकर! ही गोष्ट रेघ दाखविणारा मित्र सांगत नाही.

नुसती फसवणूक हा आणखी वेगळा प्रकार. गेनबिटकॉइन योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के देण्याचे आमिष होते. तिच्या प्रवर्तकाला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली आणि चौकशी पुढे सीबीआयपर्यंत गेली. दर महिना दहा टक्के कोणत्या शेतात पिकतात, एवढे विचारले असते तरी पुरे होते. पण आपण तरी कुठे विचारतो? आपल्याच बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने २०२३ मध्ये ठेवी परत देणे थांबविले आणि लाखो ठेवीदार अडकले. या सभेतही त्यांतले कोणी बसले असतील. त्यांना मी शहाणपण शिकविणार नाही. एवढेच सांगतो की, ज्यांचा पतसंस्थेवरचा विश्वास उडाला त्यांची मुले मोबाईलकडे वळली. आणि ती वळली याचा दोष केवळ त्यांच्या लोभाला देऊन चालणार नाही. ज्या जिल्ह्यात पदवीधराला कायम नोकरी नाही, जिथे कापसाचा भाव खर्चालाही पुरत नाही, तिथे एका रात्रीत दुप्पट होणारी रेघ पाहून मन हलणारच. मेहनतीला भाव मिळाला असता तर भावालाच मेहनत समजण्याची पाळी आली नसती.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. त्याने एक लाखाचे बिटकॉइन घेतले आणि एक लाखाची स्वस्त नाणी. भाव पडत गेला. शंभराचे पंचवीस झाले की पुन्हा शंभर होण्यास पैसे चौपट व्हावे लागतात, हा साधा हिशेब त्याने तेव्हा केला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये घाबरून त्याने सर्व विकले. हाती ३१ हजार आले. वडिलांना त्याने काही सांगितले नव्हते. मुलीचे लग्न ठरले, वडील बँकेत गेले आणि तेथून थेट आमच्या कचेरीत आले. मुलालाही बोलावून घेतले. वडील त्याच्यावर ओरडले नाहीत. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पैसे गेले ते गेले. पण माल कुठे उतरला?"

मित्रहो, तीस वर्षे पोती वाहिलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. पैसे दिले तर कुठेतरी पोते उतरलेच पाहिजे, एवढे त्याला पक्के ठाऊक. त्याला उत्तर मला देता आले नाही. आज देता येते. माल कुठेच उतरला नाही. दोन वर्षे आधी घेऊन २०२१ च्या नोव्हेंबरात ज्याने विकले, त्याच्या खिशात तुमचे पैसे उतरले. त्या दिवशी त्याला एक घेणारा हवा होता, तो तुमचा मुलगा झाला.

पुढे भाव सव्वा लाखावर गेला, तेव्हा तो मुलगा मला म्हणाला, "थांबलो असतो तर?" मी म्हटले, "बिटकॉइनपुरते तुझे बरोबर आहे. पण बहिणीचे लग्न थांबणार होते का?" ज्याच्या घरी पैशाची निकड आहे त्याला थांबता येत नाही, थांबणे ही श्रीमंताची सोय आहे. हा बाजार सर्वांना एकच भाव दाखवितो, पण सर्वांना सारखा वेळ देत नाही.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. घेऊ नका असे मी म्हणत नाही; सज्ञान माणसाला बंदी घालणारा मी कोण? पण घेण्यापूर्वी विचारा: माल कुठे उतरतो? मला विकणारा आजच का विकतो आहे? हे पैसे पाच वर्षे लागले नाहीत तर घर चालेल का? आणि ही गोष्ट मी घरात उघड सांगू शकतो का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेल, तर पहिले तीन विचारण्याचीही गरज नाही. आईबापाच्या निवृत्तीचे पैसे आणि उधारीचे पैसे यांना तर हात लावूच नका.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांना एक सांगणे. मुलाने मोबाईल पुढे धरला, तर 'तुम्हांला जास्त कळते' म्हणून मोकळे होऊ नका. 'मला कळत नाही, बैस आणि समजावून सांग' एवढे म्हणा. समजावता समजावता त्याच्याच लक्षात येईल की आपल्यालाही पुरते कळलेले नाही. मी हे तेव्हा म्हणालो असतो, तर एका हमालाचे पावणेदोन लाख कदाचित वाचले असते.