पसारा आवरू, वेळ मोकळा करू

आज आम्ही गटातल्या बाया पसाऱ्याबद्दल बोलणार आहोत. एक पसारा माळ्यावर असतो, दुसरा मोबाईलमध्ये. दोन्हींत वेळ जातो तो आपलाच.

आधी माळा बघू. घटस्थापनेच्या आधी आपण घर धुऊन काढतो. तेव्हा कितीतरी वस्तू वर्षातून एकदाच हाती येतात, त्याही फक्त घासायला. आहेरातली पातेली, संक्रांतीच्या वाणातल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले रिकामे डबे. वस्तू फुकट आली तरी ती पुसायचे कष्ट फुकट नसतात.

आपल्या आया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या, उरलेले कपडे बोहारणीला द्यायच्या. आपणही एका दिवशी एकच कोपरा घेऊ. वर्षभरात हात लागला नसेल ते बाजूला काढू. कामाचं गरजूला, बाकीचं भंगारात. सासूबाईंची वस्तू त्यांना विचारूनच हलवायची. पासबुक, रेशनकार्ड, सातबारा आधी एका पिशवीत ठेवायचे, म्हणजे रद्दीत जायचे नाहीत. आणि येत्या संक्रांतीला वाण म्हणून गूळ द्यावा, नाहीतर भाजीचं बी. ते वापरात येतं, माळ्यावर जात नाही.

आता मोबाईल. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं आणि व्हिडिओ यांनीच तो भरतो, मग बँकेचं काम अडतं. ती पुसून टाका. नको त्या ग्रुपमधून बाहेर पडा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. तिथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, ते 8:30 पर्यंत. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि मुलांची ती सवय सुटेना, म्हणून हे पाऊल उचललं. अंगणवाडीताई आणि आशाताई घरोघरी जाऊन समजावत होत्या.

यातलं आम्हाला पटलं ते हे, की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. नाहीतर घरात नियम झाला की पहिला फोन सुनेचा बंद होतो. तिचं माहेरचं बोलणं त्याच फोनवर, गटाचा निरोपही त्याच फोनवर. तो काढून घेणं म्हणजे शिस्त नव्हे, जरब आहे. बंद करायचा तर मालकांचा, सासऱ्यांचा, पोरांचा आणि आपला, सगळ्यांचा एकाच वेळी. आजारपण किंवा अडचण असेल तर सूट.

आणि त्या मोकळ्या वेळात बाईनं एकटीनंच भाकऱ्या थापत बसायचं नाही. कुणी पाणी भरावं, कुणी ताटं घ्यावीत.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की हा विषय काढा. दीड तास जमत नसेल तर अर्ध्या तासानं सुरुवात करा. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून करा.