‘डेट’, तारीख आणि तिथि

रत्नागिरींत आणि तिच्या आसपासच्या गांवांत कांहीं वर्षीं एक चमत्कारिक गोष्ट पाहावयास मिळते. एका घरच्या गणपतीचें विसर्जन होऊन मखरही मोडलेलें असतें. आणि शेजारच्या घरीं गणपति यावयास अजून महिना अवकाश असतो. दोन्ही घरीं दिवस मात्र एकच पाळला जातो, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. एक घर टिळक पंचांग मानणारें, दुसरें रूढ पंचांग मानणारें. राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा याविषयीं दोन्ही पंचांगांचें मत निराळें, म्हणून अधिक मास कधीं कधीं निरनिराळ्या ठिकाणीं येतो. अशा वर्षीं मुंबईच्या एखाद्या चाकरमान्यानें गांवीं विचारलें कीं, ‘यंदा गणपतीची डेट कोणती?’ तर त्यास काय उत्तर द्यावें? तिथि सांगावी तर ती त्यास ठाऊकच आहे. तारीख सांगावी तर ती कोणत्या घरची?

‘डेट’ हा शब्द दिसावयास लहान, परंतु त्याच्या पोटांत दोन भिन्न कुळांचे शब्द एकत्र नांदतात. पत्राच्या माथ्यावर येणारी ‘डेट’ लॅटिनमधून आली. रोमन लोक पत्राच्या शेवटीं ‘अमक्या गांवीं, अमक्या दिवशीं दिलें’ अशा अर्थानें ‘दाता’ हें पद लिहीत. त्या ‘दिलें’ शब्दाचाच पुढें दिवस झाला. फळाची ‘डेट’ निराळी. ती ग्रीक भाषेंतील बोटाच्या नांवावरून आली, कारण खजुराचें फळ बोटासारखें लांबट. उच्चार झिजतां झिजतां दोघींचें रूप एक झालें, एवढाच त्यांचा संबंध. पुढें अमेरिकेंत ठरवून घेतलेल्या भेटीसही ‘डेट’ म्हणूं लागले, आणि तो अर्थ आतां मराठी घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं वडीलधाऱ्यांनीं ऐकून न ऐकल्यासारखें करणेंच बरें. फळापुरती मराठी भाषा इंग्रजीहून श्रीमंत आहे. ओला तो खजूर, वाळलेली ती खारीक. बाळंतिणीच्या खुराकांत घालावयाची ती खारीकच, तेथें खजूर चालत नाहीं.

दिवसाच्या बाबतींत तर ही श्रीमंती अडचणीची होते. मराठींत तिथि आहे, मिति आहे, तारीख आहे. तिथि म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढें सरण्याचा काळ. तो सुमारें 20 तासांपासून जवळजवळ 27 तासांपर्यंत कमीअधिक होतो. म्हणून एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादी दोन दिवस चालते. मिति ही सावकाराच्या वहींतली आणि हुंडीवरची. तारीख अरबी, आणि त्या भाषेंत तिचा अर्थ इतिहास असाही होतो. कोंकणांत मात्र ‘तारीख’ म्हटली कीं आधीं कोर्ट आठवतें. ‘तारीख पडली’ याचा अर्थ दिवस ठरला असा नव्हे; काम पुढें गेलें, पुन्हां एस्. टी. चें भाडें आणि वकिलाच्या ओट्यावरची बैठक आली, असा आहे.

ह्याच रत्नागिरींत 1924 पासून 1937 पर्यंत स्थानबद्ध असतां सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. ‘दिनांक’ हा शब्द त्यांचाच म्हणून प्रसिद्ध आहे. फार्शीचे जाणते अभ्यासक माधव ज्यूलियन हे आरंभीं ह्या चळवळीच्या विरुद्ध होते. पुढें तेच तिचे समर्थक झाले. ‘दिनांक’ कचेरीच्या कागदावर स्थिरावला, ह्यांत संशय नाहीं. शब्द सुटसुटीत आहे आणि त्याचा अर्थ पाहतांक्षणीं कळतो. परंतु कोर्टांत अजून कोणाचा ‘दिनांक पडला’ असें ऐकूं येत नाहीं. पक्षकाराच्या हालअपेष्टा ज्या शब्दाला चिकटल्या आहेत, तो शब्द शुद्धीच्या आग्रहानें सहसा सुटत नाहीं.

खरी फजिती होते ती छापील अर्जावर. इंग्रजी ‘डेट ऑफ बर्थ’ चें भाषांतर कोठें जन्मतारीख, कोठें जन्मदिनांक, तर कोठें चक्क जन्मतिथि असें केलेलें आढळतें. जुन्या पिढींतील कित्येक बायकांस आपली तिथि बिनचूक ठाऊक असे. तुळशीच्या लग्नानंतर दोन दिवसांनीं, अशा खुणेसह. शक मात्र आठवत नसे. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं अशा पुष्कळ मुलांच्या नांवापुढें 1 जून लिहून टाकला, आणि महाराष्ट्रांत 1 जूनला जन्मलेल्यांची अशी गर्दी झाली. तें लिहिणें त्या वेळीं सोयीचें होतें. परंतु नोकरीची निवृत्ति आणि पेन्शन त्याच आंकड्यावर ठरूं लागलीं, तेव्हां वर्षभराचा फरकही संसाराला जड गेला.

लोकमान्य टिळक रत्नागिरींत जन्मले, ते 23 जुलै 1856 रोजीं. तिथि आषाढ वद्य षष्ठी, शके 1778. दोन्ही नोंदी निर्विवाद आहेत, आणि दोन्ही दिवस पुन्हां एकत्र यावयास सामान्यतः एकोणीस वर्षें लागतात. त्यांची जयंती सर्वत्र 23 जुलैलाच होते. निधन 1 ऑगस्ट 1920 चें. त्या दिवसाला सारा महाराष्ट्र पुण्यतिथि म्हणतो, आणि पाळतो मात्र तारीख.